चौथा रकाना

‘नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन’ या विषयात एम.एस्सी. करतेय असं सांगितलं की मीरा-भाईंदरमधल्या आमच्या काशीगावात दोन प्रश्न ठरलेले. एक, म्हणजे नक्की काय शिकतात? आणि दुसरा मामांचा, फॉरेस्टात लागशील का? पहिलं सत्र संपत आलं तरी दोन्हींवर मी नुसतीच हसते.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं. झाडं ओळखायची, मोजायची, वाचवायची, अशी माझी साधी समजूत. पण पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर चार रकाने आखले: साधन, मालक, वापरणारा, नियम करणारा. ‘आपापल्या वस्तीतली पाच साधनं भरून आणा.’ सोपं वाटलं. काशीगावात एका अंगाला हायवे, वर मेट्रो नऊचं स्थानक, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला घोडबंदरची खाडी. साधनांना काय तोटा?

पहिलं साधन पाणी लिहिलं, कारण आमच्या सोसायटीत दुसरा विषयच नसतो. वापरणारे आम्ही, हे नक्की. पुढे हात थांबला. शहराला पाणी येतं ते शहाड-टेमघर प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून, म्हणजे मूळ उल्हास खोऱ्यातलं. त्यात आता सूर्या योजना. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवरचं धामणी धरण, तिथलं पाणी डोंगरांतल्या बोगद्यांतून, वसईची खाडी ओलांडून आमच्याकडे आणायचं. योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यात मीरा-भाईंदरचा वाटा २१८. धरण बांधलं होतं ते तिथल्या शेतीच्या सिंचनासाठी, आणि पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोधही केला. मी वापरणाऱ्यांच्या रकान्यात त्यांनाही घातलं, मग चौकटीत जागा उरेना. मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, ‘बरं. आता चौथा रकाना?’

मग वाचन सुरू झालं आणि डोकं आणखी गरगरलं. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा १९६८चा निबंध म्हणतो, सगळ्यांच्या मालकीचं कुरण शेवटी उजाड होणार, कारण जो तो आपलं एक जनावर वाढवणार. मला शंभर टक्के पटलं. आमच्या जिन्यातल्या चपलांचा ढीग पाहिलेल्या कुणालाही पटेल. पुढच्याच आठवड्यात एलिनॉर ऑस्ट्रॉम. तिचं १९९०चं पुस्तक, २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल. तिने स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावरानं, स्पेनचे पाटकालवे पाहिले आणि दाखवलं की लोक आपापसांत नियम करून शेकडो वर्षं अशी साधनं सांभाळतात. तेही पटलं! दोघंही पटतात म्हणजे मला काहीच कळलेलं नाही, असं मी वर्गात बोलून गेले. सरांनी उत्तर न देता गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावावरचा लेख हातात दिला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला. तिथे चौथ्या रकान्यात सरळ ‘ग्रामसभा’ लिहिता येतं. हेवा वाटला.

कारण आमच्याकडच्या खाजणांचं पाहा. १८७० साली इंग्रज सरकारने मीरा, भाईंदर, घोडबंदरची जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना भाडेपट्ट्याने दिली. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांनी बांध घालायचा होता. मुदत ९९९ वर्षं. पट्टा पुढे एका कंपनीकडे गेला आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालले. मी हिशेब केला, मुदत २८६९मध्ये संपेल. मालकाच्या रकान्यात काय लिहायचं? पेन्सिलने लिहिलं.

सगळ्यात मोठा धक्का दिला तो अर्थशास्त्राच्या पेपरने. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत होते, पुढे ते वाढवले गेले. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर रान. मीरा रोडला दहा लाखांत वन-बीएचकेचं स्वयंपाकघरही यायचं नाही. गणित मी बरोबर सोडवलं, पूर्ण गुण मिळाले. तरी ते उत्तर अजून गळ्याखाली उतरत नाही.

खाडीकाठच्या क्षेत्रकार्यात मात्र जरा जिवात जीव आला. इथे निदान मोजायचं होतं! दहा बाय दहा मीटरची चौकट दोरीने आखायची आणि आतल्या प्रत्येक तिवराचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, घ्यायचा. ओहोटीची वेळ गाठून उतरलो. पोटरीभर चिखल, आणि त्यातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं. पाय ठेवायला जागा नाही. पहिलंच तिवर गुडघ्याच्या खालीच फुटून पाच खोडांचं झालेलं. हे झाड एक की पाच? ‘उंचीच्या खाली फुटलं तर प्रत्येक खोड वेगळं मोजा,’ सर काठावरून ओरडले. टेप चिखलाने इतका बरबटला की आकडे दिसेनात, मी ओढणीने पुसत राहिले. पलीकडे दोन बायका चिंबोऱ्या शोधत आमच्या दुप्पट वेगाने चालत होत्या. त्यांना मी वापरणाऱ्यांच्या रकान्यात टाकलं. त्यांच्यातली एक मात्र मलाच विचारत होती, ‘बाय, हे काय मोजता? रोड येतो काय इथून?’

पाचवं साधन डोंगर. पहिल्या पावसानंतर काशीमिरा नाक्यावर पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. मी वही काढून एका मावशींसमोर उकिडवी बसले. शेवळं कुठून आणता, कुणाला विचारावं लागतं का, किती खुडायची हे कोण ठरवतं? माझा चौथा रकाना भरण्याची हीच संधी होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

‘घ्यायची तर घे बाय, पाऊस आला.’

दोन जुड्या घेतल्या. घरी आईने पिशवी उलटी केली आणि पहिला प्रश्न केला, ‘काकडं कुठायत? त्याशिवाय ही भाजी घशाला खाजते, एवढं शिकवत नाहीत तुम्हाला?’