बियाण्याची पोती आणि बाळंतिणीची खोली

मी शेतीखात्यातला माणूस. बी. एस्सी. ॲग्री. झालो आणि नोकरीची सारी वर्षे भाताचे वाफे, खतांच्या मात्रा आणि बांधावरच्या बैठका यांत गेली. बाळंतपणावर मी लिहावे हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण एक गोष्ट बरीच वर्षे सलते आहे, ती सांगून टाकतो.

साल २००३. सह्याद्रीच्या कुशीतले एक भाताचे गाव माझ्याकडे होते. गावात आरोग्य उपकेंद्र होते. डोंगरी भागात तीन हजार वस्तीला एक, असा सरकारी हिशेब. इमारत होती, बाळंतपणाचे टेबलही होते. पण नर्सबाईंची राहायची खोली गळे आणि नळाला पाणी नाही. मग त्या तालुक्याला राहत आणि मंगळवारी येऊन जात. बाळंतपणाची खोली तेवढी कोरडी. प्रात्यक्षिकासाठी भाताचे बियाणे आले तेव्हा सरपंच म्हणाले, "साहेब, ती खोली रिकामीच आहे की!" मी पोती लावली, टेबलावरसुद्धा लावली, आणि कुलूप घातले.

जुलैत लावणीच्या दिवसांत ओढ्याला पूर आला, एस. टी. आली नाही, आणि नर्सबाई गावातच अडकल्या. त्याच रात्री एका सुनेला कळा सुरू झाल्या. कधी नव्हे ती बाई हजर! लोकांनी कुलूप तोडले. आत पाहतात तो पोतीच पोती, आणि औषध चोळलेल्या बियाण्याचा उग्र वास. बाई दारातूनच मागे फिरल्या. शेवटी शेजारच्या ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात सुटका झाली. मूल रडले, पण आईचे रक्त थांबेना. बाईंनी मूल अंगाला लावले, पोट चोळत रात्र काढली. पहाटे पूर ओसरल्यावर जीपने तालुक्याला नेले. सूनबाई वाचली. ती वाचली म्हणूनच मी हे लिहू शकतो.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून गेलो. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, पाणी नसताना लावणी करा असं तुम्ही सांगता का? मग मी पाण्यावाचून बाळंतपणं कशी करू?"

पोती त्याच दिवशी हलवली. पुढच्या ग्रामसभेत मी विचारले, कोणाची गाय कधी विणार? चारपाच जणांनी महिनाच काय, आठवडाही सांगितला. सुनेची तारीख विचारली तर सगळे गप्प. गाईचे दिवस साधारण २८०. बाईचेही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर, २८०च. म्हणजे नऊ महिने सात दिवस. मागे बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. पण हिशेब सगळ्यांनी बोटांवर करून पाहिला.

स्लॅब पंचायतीने दुरुस्त केला, विहिरीपासून नळाचा चर गावाने खणला. त्याला दोन उन्हाळे लागले, भांडणेही झाली. मग बाई मुलासह राहायला आल्या.

आता दिवस बदलले. २००५ नंतर आशाताई आल्या, २०१४ पासून १०८ ची गाडी आली. बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, ते योग्यच. रक्ताची नि ऑपरेशनची सोय तिथेच. पण काही शहाणे म्हणतात, आता उपकेंद्र हवे कशाला? अहो, दर खेपेला रक्तदाब कोण पाहणार? हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले, हातापायांवर सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हे गावातच वेळेवर कळले तर पुढचे निभते. गाडी बोलावल्यावर येते. बोलवायचे केव्हा, ते तिला ठाऊक नसते.

मध्यंतरी जूनमध्ये त्या गावी पुन्हा बियाण्याला जागा हवी होती. आता सरपंच बाई आहेत. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या पडवीत ठेवा. त्या खोलीचं नाव काढू नका." आणि त्यांनी नांगर, फवारणीचा पंप बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवला.