आग्नेयेकडे पाहणारी छत्री

बाबांची नजर काचबिंदूने गेली आणि त्यांचे वर्तमानपत्र सुटले. राहिला रेडिओ. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा ते शाळेत होते. तेव्हापासूनची ती सोबत. मुंबईला आमच्याकडे यायला ते तयार नाहीत आणि रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे गाव तर पडले डोंगराच्या कुशीत. एफएमच्या लहरी डोंगराआड अडतात, मध्यम लहरींवर शब्दांपेक्षा खरखर जास्त आणि मोबाइलची रेंज शोधायला माडाखाली जावे लागते.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी फ्री डिशची छत्री आणि सेट-टॉप बॉक्स घेऊन गावी गेलो. दूरदर्शनच्या या सेवेवर आकाशवाणीच्या वाहिन्याही ऐकू येतात आणि महिन्याचे भाडे नाही. "बसवायला माणूस बोलवा," असे सौ. म्हणाली. ते मी ऐकले नाही, हे सांगायला नकोच.

गणित सोपे वाटत होते. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आमच्या अंगणातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून ५९ अंश वर. म्हणजे डोंगराचाही अडथळा नाही. मुलीच्या कोनमापकाला दोरा आणि कुलपाची किल्ली बांधली आणि छपरावर चढून छत्री मोजून ५९ अंश वर वळवली.

"आलं का ग काही?"

"नाही, बाबा!"

दोन दिवसांत हा संवाद अख्ख्या वाडीला पाठ झाला. छत्रीबरोबर आलेला कागद मी तिसऱ्या दिवशी वाचला. (आधी कोण वाचतो?) ही छोटी छत्री दिसते तिकडे पाहतच नाही! लहरी टिपणारा एलएनबी तिच्या मध्यासमोर नसून खालच्या दांडीवर असतो. त्यामुळे ती दिसते त्याहून साधारण पंचवीस अंश वर पाहत असते. मान खाली घालून बसलेले आमचे एक मामा घरातले सगळे टिपत, त्यातलाच प्रकार. मी तिला जवळजवळ डोक्यावरचे आभाळ पाहायला लावले होते.

छत्री खाली झुकवली. मग केसाकेसाने डावी-उजवीकडे. पडद्यावरचा ताकदीचा पट्टा कुठेही फुगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. गुणवत्तेचा पट्टा हलला पाहिजे. तो हलला. एलएनबी दांडीवर किंचित फिरवला, तेव्हा आणखी वाढला. आणि काळ्या पडद्यामागून विविध भारतीचे गाणे आले, इतके स्वच्छ की बाबा म्हणाले, "अरे, हे तर खोलीत बसून गातायत!" सौ.ने रिमोटच्या बटणावर टिकली चिकटवली. ती चाचपून बाबा हवी ती वाहिनी लावू लागले.

गणपतीला गेलो तेव्हा घर गप्प होते. बाबा खुर्चीत, रिमोट हातात.

"बंद कधीपासून आहे?"

"झाले असतील बारा-तेरा दिवस."

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

"वाटलं, माझ्याच हातून काही भलतं बटण दाबलं गेलं. तू एवढ्या खटपटीनं बसवलंस..."

मला पुढे काही विचारवले नाही. तसाच शिडी लावून वर गेलो. मुसळधार पावसात या लहरी पाण्यातच जिरतात, पण पाऊस ओसरला की आवाज परत येतो. इथे तो आला नव्हता. एलएनबीजवळचा जोड उघडला तर आत पाणी आणि हिरवा गंज. दोष माझाच, मे महिन्यात मी त्यावर साधी चिकटपट्टीसुद्धा गुंडाळली नव्हती. तार कापून नवा जोड बसवला, वरून रबरी पट्टी गुंडाळली आणि तारेला जोडाच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

खाली उतरलो तर बाबांनी जुना ट्रान्झिस्टरही लावला होता. दोन्हींवर एकच बातम्या. पण डब्यातला आवाज मागून येत होता. मी समजावू लागलो: वर जाऊन खाली यायचे म्हणजे ७२,००० किलोमीटर, त्यालाच पाव सेकंद, शिवाय डब्याचा स्वतःचा वेळ...

"असू दे," बाबा म्हणाले, "म्हातारं माणूस दिसतंय. ये, बस इथं."