परतीचे तिकीट

नाना गेल्यावर धुळ्याचे घर आवरताना त्यांच्या कवितांच्या वहीत आम्हांस एक पाकीट सापडले. पत्ता त्यांचाच, अक्षर त्यांचेच, कोपऱ्यात पाच रुपयांचे तिकीट. 'साभार परत' येण्याची सोय कवीने स्वतःच करून धाडायची, त्या जुन्या रिवाजातले ते पाकीट. धाडणे मात्र राहून गेले होते.

आम्ही ती वही घेऊन जळगावी परतलो आणि पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवायला टपाल कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी वजन केले. यंत्रातून बारकोडाची चिकटपट्टी निघाली. टपालखर्च भरल्याची तीच खूण.

"परतीच्या पाकिटासाठीही एक पट्टी द्या," आम्ही म्हणालो.

"ती तिकडून पाठवतील तेव्हा निघेल, सर. यावर आजचीच तारीख पडते."

हे आम्हांस अनपेक्षित होते. १८५२च्या सिंध डाकेपासून तिकिटाचे सारे मोल, खरे तर, तारीख नसण्यातच आहे. पैसे आज द्यावेत, पत्र मनात येईल तेव्हा लिहावे. तारखेचा शिक्का बसतो तो पत्र निघाल्यावर. म्हणूनच आपले तिकीट दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देता येते.

यंत्रानेच हे बिघडवले असे मात्र नाही. १९७६ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्रामाची स्वयंसेवा यंत्रे आली. नाणी टाकावीत, हवी ती रक्कम निवडावी, तेवढ्या किमतीचे तिकीट तिथल्या तिथे छापून घ्यावे. त्यावर किंमत असे, तारीख नसे. ते घरी नेऊन खुशाल जपून ठेवता येई. नाशिकच्या छापखान्यातल्या तिकिटाचा स्वभाव त्या लोखंडी पेटीनेही राखला होता. आमच्या खिडकीवरची पट्टी वेगळी: ती तिकीट कमी, पावती अधिक. (कचेऱ्यांच्या लिफाफ्यांवरचा फ्रँकिंगचा तांबडा ठसाही याच जातीचा.)

असो. बाईंनी खण उघडून कागदी तिकिटे काढून दिली. वहीच्या वजनाला नानांचे एक तिकीट पुरणारे नव्हते. त्याच्याशेजारी आम्ही आमची पाच डकवली. ते मोठ्या पाकिटात घालताना हात क्षणभर अडखळला. ते परत आले तर कविता नाकारल्या गेल्या; न आले तर वहीही गेली आणि नानांच्या हातचा पत्ताही.

त्याला आता दोन महिने झाले. दुपारी फाटक वाजले की आम्ही उठतो, आणि दारापर्यंत जाताना पावले मंदावतात.