गाडी चालंना

"मामा, गाडी पळती, पण चालंना," असं म्हणत त्यानं आरएक्स हंड्रेड गॅरेजच्या दारात उभी केली. पोट सुटलेलं, मिशीत पांढरं डोकावायला लागलेलं. मी त्याला ओळखलं नाही. गाडीलाही नाही, कारण टाकीवर तीन रंगांची पुटं चढली होती. हेड उतरवलं, ब्लॉक ओढून काढला आणि उजेडाकडं धरून एक्झॉस्टच्या भोकात बघितलं, तेव्हा ओळख पटली. भोकाची वरची कड डाव्या अंगाला किंचित जास्त खाल्लेली. कानस धरली की माझं मनगट तसंच वळतं. अठरा वर्षांपूर्वी हे काम मीच केलं होतं.

तेव्हा मंगळवेढ्यातली पोरं पहाटे गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर जमायची. रस्त्याकडेला दर दोनशे मीटरला दगड असतो. पहिल्या दगडापासून तिसऱ्यापर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. अमेरिकेत हीच शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. दोन मीटरचा काय तो फरक, बाकी खुमखुमी तीच. तिकडं दुसऱ्या महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्यांवर पोरं गाड्या पळवायची. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली आणि त्या खेळाला नियम आणि घड्याळ मिळालं. पुढं १९६४ ची पाँटिॲक जीटीओ आली. तिचं इंजिन ६.४ लिटरचं. आमच्या आरएक्सची पासष्ट इंजिनं त्यात मावतील. आपल्याकडंही नंतर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरायला लागली, पण मंगळवेढ्याच्या पोराला ती अमेरिकेइतकीच लांब.

एका पहाटे तिसऱ्या दगडापाशी एक पोरगा पडला. हातात सळई बसवावी लागली. त्या दिवसापासून मी रेसची कामं सोडली असं सांगायला बरं वाटलं असतं, पण पुढं दीड वर्ष मी ती करतच होतो. गिऱ्हाईक आटलं तेव्हा थांबलो.

आता पळती आणि चालंना यातला फरक. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं हेच तिचं नाक-तोंड, आणि वरखाली होणारा पिस्टन ती झाकतो नि उघडतो. एक्झॉस्टची कड मिलिमीटरभर वर नेली की जळका धूर लवकर सुटतो. जोडीला मधे फुगीर आणि टोकाला निमुळता असा चेंबर लावायचा. धुराची लाट त्या निमुळत्या भिंतीवर आपटून माघारी येते आणि बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल परत आत रेटते. पण ती वेळेवर पोचते फक्त वरच्या फेऱ्यांना. खालच्या फेऱ्यांना चुकते आणि इंजिन नुसतं पेट्रोल ओकत बसतं. म्हणून अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर चवताळून उठते आणि बाजारात भाजीवाल्याच्या गाड्यामागं मरते. प्लग काळा पडतो, हाफ क्लच धरून धरून बोटं दुखतात. ९८ सीसीतून कंपनीनं अकरा हॉर्सपॉवर काढले होते ते सगळ्या चालींचा विचार करून. मी खालच्या चाली विकून वरची एक घेतली होती.

वडिलांना हे गणित इंजिन न उघडता कळायचं. आमच्याकडं खिलार जोडी होती. इथली काळी रानं मालदांडी ज्वारीची, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पेरणी तेव्हा पाभरीनं व्हायची. चाड्यावर मूठ धरणाऱ्याचा हात आणि बैलांची पावलं जुळली तरच दाणा सारखा पडतो. शर्यतीचा बैल पाभरीला जुंपला की तास वाकडा जातो आणि ज्वारी कुठं दाट, कुठं विरळ उगवते. वडील शर्यतीला नावं ठेवत नसत. जत्रेत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहायचे. पण त्यांच्या दावणीला तो बैल कधी आला नाही.

ह्या गड्याच्या दावणीला मात्र एकच बैल होता. शर्यती संपल्या, लग्न झालं, आणि त्याच गाडीवर दूध, खताची पोती, पोरांची शाळा असं सगळं निघालं.

लोखंड घासून काढता येतं, परत चिकटवता येत नाही. आरएक्सचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्यामुळं मूळ कंपनीचा कोरा ब्लॉक मिळणं मुश्कील. बाजारात दुसरे मिळतात, पण माझा जीव त्यांच्यावर बसत नाही. मग सोलापूरच्या लेथवर जुनी स्लीव्ह काढून नवी बसवली आणि पन्नास मिलिमीटरचा बोअर मारून घेतला. प्रश्न उरला भोकांचा. ती नेमकी कुठवर कापायची?

रेसच्या दिवसांत कानस लावण्याआधी मी प्रत्येक ब्लॉकचा कागद काढायचो. कागदाची सुरळी आत घालायची, बोटानं काठ दाबायचे, भोकांचा ठसा उमटतो. पुढच्या खेपेला अजून किती खायचं ते त्यावरून कळायचं. ती वही पत्र्याच्या पेटीत सापडली. तेल पिऊन पानं काचेसारखी झाली होती. ह्याच्या पानावर त्याचं नाव, मूळ ठसा, आणि वर पेन्सिलीनं "१.२ वर". दोन दिवस मी फक्त मूळ रेषेपर्यंत कानस चालवली. रेसच्या कामात हात रेषेपलीकडं धावतो. त्याला आवरायला मला मधूनमधून उठून चहा प्यावा लागला. शेवटी रिंग अडकू नये म्हणून कडा मोडल्या, चेंबर काढून जुना सायलेन्सर लावला.

टाकी मूळ निळ्या रंगात करू का, म्हणून विचारलं. "नको मामा, मग दारात लावायची भीती वाटल." मला बरं वाटलं. हल्ली जुन्या गाड्या चकाचक करून, बेंदराच्या बैलासारखी झूल घालून ठेवणारे फार झालेत. मोजून महिन्याला एकदा किक मारतात, ती पण फोटोपुरती. त्यापेक्षा कोल्हापूरची मेबॅक बरी. छत्रपतींची ती जुनी गाडी दसऱ्याला दसरा चौकात येते, वर्षातनं एकदा का होईना, गर्दीतनं माणसांच्या चालीनं. एवढ्या मोठ्या इंजिनाला इतकं हळू चालवणं ज्याच्या हातात आहे, त्या मिस्त्रीला एकदा भेटायचंय.

गाडी न्यायला तो संध्याकाळी आला, मागं बायको, मधे पिशवी. मी स्लो शेवटचा लावून दिला, पाव आटा आत, मग केसभर बाहेर. आमच्या गल्लीच्या तोंडाला चढ आहे आणि लगेच काटकोनात वळण. दारात उभा राहून ऐकत होतो. वळणावर समोरनं ट्रॅक्टर आला, तसा आरएक्सचा आवाज खाली उतरला, अगदी खाली. आता क्लच दाबून पहिला गिअर टाकणार, असं मला वाटलं.

दुसऱ्यावरच गेला.