पाय उचलला की थांबणारे यंत्र

गेल्या पर्युषणाच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. सूर्यास्ताला अर्धा-पाऊण तास अवकाश होता. भायखळ्याच्या आमच्या जुन्या इमारतीतील सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद गॅलरीत, जिला मी मोठ्या अभिमानाने ‘कारखाना’ म्हणतो, तेथे आईच्या पितळी डब्याची बिजागरी साफ करीत बसलो होतो. हातात विजेवर चालणारे लहानसे फिरते यंत्र होते आणि त्याच्या टोकाला तारेचा ब्रश लावलेला होता. चोविहाराची वेळ टळू नये म्हणून सौ. बोलवायला आली. “अहो, उठा आता,” असे म्हणत ती डबा पाहण्यासाठी वाकली. मी यंत्र बंद न करताच मान वळवून उत्तर देऊ लागलो. तेवढ्यात तिच्या पदराचे टोक ब्रशात गेले.

पुढचे सारे दोन-तीन सेकंदांत घडले असावे. ब्रशने पदर गुंडाळला, यंत्र माझ्या हातातून निसटले आणि कापड आवळत तिच्या गळ्याच्या दिशेने चढू लागले. बटण पदराच्या पिळात दडले होते आणि प्लग पाटाच्या मागे होता. शेवटी पीळ इतका घट्ट बसला की मोटरच अडली, गुरगुरली आणि जळक्या वासाचा धूर सोडू लागली. तेव्हा कुठे माझा हात प्लगपर्यंत पोहोचला. सौ.च्या हनुवटीखाली एक लाल ओरखडा उठला होता, याहून अधिक काही झाले नाही. तिने कात्री आणून पदराचे टोक कापले, यंत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “चला, वेळ होईल.” त्या जेवणाची चव मला आठवत नाही.

त्या रात्री प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना मी एके ठिकाणी अडखळलो. ज्या वस्तू दिल्या किंवा देवविल्या म्हणून श्रावक आलोचना करतो, त्यांत शस्त्र, अग्नी आणि मुसळ यांच्यासोबत यंत्राचाही उल्लेख आहे. पुढे अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांत ‘अधिकरण’ येते. टीकाकार त्याचा अर्थ संयुक्ताधिकरण असा सांगतात, म्हणजे हिंसेचे साधन जोडून, वापरायला सज्ज करून ठेवणे. उखळात मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण ही त्याची नेहमीची उदाहरणे. माझ्या पाटावर ब्रश जोडलेले आणि प्लग लावलेले यंत्र दिवसचे दिवस पडून असे. तो दोष मी वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो, पण तो माझ्याच गॅलरीत राहायला आला आहे, हे कधी ध्यानात आले नव्हते.

जळलेले यंत्र दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटवरील एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने कार्बन ब्रश काढून पाहिले, आर्मेचरचा काळवंडलेला तांब्याचा भाग दाखवला आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाईल, असे सांगितले. शिवाय बेअरिंगही झिजून यंत्र थरथरत होतेच. दुरुस्तीचा मार्ग असा खुंटल्यावर प्रश्न उरला तो नवे घ्यावे का आणि घ्यायचे तर कोणते, याचा.

‘घ्यावे का’ याचे उत्तर सोपे नव्हते. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे आणि त्यात लोहार-सोनारांच्या भट्टीचे व्यवसाय मोडतात. माझे काम व्यवसाय नाही, भट्टीही मी लावत नाही. जुनी कुलुपे, बिजागऱ्या, समईच्या मळसूत्रांची दुरुस्ती, एवढाच माझा पसारा. फेकली जाणारी वस्तू आणखी वीस वर्षे टिकते, तेव्हा नव्या वस्तूमागचा आरंभ-समारंभ तेवढा टळतो, असे मी स्वतःला समजावत असे. त्यात तथ्य आहे; पण आवडत्या गोष्टीला समर्थन सापडायला वेळ लागत नाही, हेही मला कर्ज विभागात बसून पुरेपूर कळले आहे. म्हणून सौ.ला सरळ विचारले. ती म्हणाली, “काम सोडा असं मी म्हणणार नाही. पण ते यंत्र पुन्हा नको.” निवडीची पहिली अट अशी घरातूनच ठरली.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की रकमेच्या आधी आम्ही ‘प्रयोजन’ हा रकाना वाचत असू. मी माझी वही काढली. (केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.) मागील वर्षातील छत्तीस कामांपैकी धातू कापण्याची कामे केवळ चार निघाली. बाकी सारी घासण्याची, कडा बोथट करण्याची आणि चमक आणण्याची. म्हणजे ज्या प्रचंड वेगासाठी मी ते यंत्र जपत होतो, तो वेग मला क्वचितच लागत होता.

हातात धरायच्या फिरत्या यंत्रांचा वेग सामान्यतः मिनिटाला ३०,००० ते ३५,००० फेऱ्यांपर्यंत जातो. या जातीच्या यंत्रांत सर्वपरिचित नाव ड्रेमेलचे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या आल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली अमेरिकेतील रासिन येथे ती कंपनी काढली आणि १९९३ पासून ती बॉशकडे आहे. अशा यंत्राला ३८ मिलिमीटर व्यासाची कापण्याची चकती लावून ३०,००० फेऱ्या दिल्या, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर, म्हणजे तासाला २१५ किलोमीटरच्या आसपास होतो. भायखळ्याच्या फलाटावरून न थांबता जाणारी जलद लोकलही याच्या निम्म्या वेगाने जात नाही! तारेच्या बारीक ब्रशांना मात्र १५,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नये, अशी सूचना त्यांच्या पाकिटावरच असते. मी ती वाचली होती, पाळली नव्हती. दुसरी अडचण अशी की या यंत्रांचा पंखा मोटरच्याच दांडीवर असतो. वेग कमी केला की जोरही घटतो आणि वाराही घटतो, मोटर तापते. त्यातच पितळेचा कीस आत ओढला जातो, आणि पितळ विजेचे वाहक असल्याने तो गुंडाळीत साचणे बरे नव्हे.

दुसरा पर्याय दातांच्या कृत्रिम कवळ्या घडवणारे वापरतात तो मायक्रोमोटर. हातात पेनासारखा मावतो, थरथर जवळजवळ नाही, आवाजही बेताचा. पण त्यात बसते ती २.३५ मिलिमीटरची बारीक दांडी. माझ्याकडची सारी टोके ३.२ मिलिमीटरची. एका यंत्राच्या जागी एक यंत्र घ्यायचे आणि त्यापायी डबाभर टोके निकामी करून पुन्हा डबाभर विकत आणायची, हे परिग्रह-परिमाणात कसे बसवायचे? नऊ प्रकारच्या परिग्रहांत ‘कुप्य’ म्हणून हलक्या धातूंची आणि घरगुती सामानाची गणना होते. माझ्या कुप्याची मर्यादा मी आधीच ताणलेली आहे.

तिसरा पर्याय झवेरी बाजारात सापडला. तेथील माळ्यांवर बंगाली कारागीर ज्या यंत्रावर दागिने घडवतात ते त्यांचे ‘हँगिंग मोटर’. मोटर डोक्यावर हुकाला टांगलेली, तिच्यातून लवचीक दांडा खाली येतो, त्याच्या टोकाला हलकी मूठ आणि पायाखाली पेडल. वेग हातातल्या यंत्रांहून बराच कमी, पण संथ फिरतानाही जोर टिकतो. मोटर किसापासून दूर राहते. मुठीच्या चकमध्ये चार मिलिमीटरपर्यंतची दांडी बसते, त्यामुळे माझी जुनी टोके चालणार होती. एका वयस्क कारागिराला मी विचारले, “काम करताना कोणी हाक मारली तर?” त्याने उत्तर दिले नाही, नुसता पाय उचलला. फिरणारे टोक जागच्या जागी थांबले. माझा निर्णय तेथेच झाला.

या यंत्राचे दोष नाहीत असे नाही. दांड्याला तीव्र बाक दिला की तो तापतो, त्याला वेळोवेळी ग्रीस द्यावे लागते, आणि टांगण्यासाठी भक्कम हूक हवा. आमच्या गॅलरीच्या छताचा चुना पाहता मी हूक भिंतीतल्या लाकडी तुळईलाच बसवून घेतला.

यंत्र ठरल्यावर जोडसामानाकडे पुन्हा नव्याने पाहिले आणि चकित झालो. चमक आणायचा नमदा लोकरीचा. केसाळ ब्रश बहुधा डुकराच्या राठ केसांचा. काही चकत्या चामड्याच्या. पॉलिशच्या वड्यांत बांधणीसाठी प्राण्यांची चरबी असू शकते, आणि जुन्या पद्धतीच्या पॉलिशकागदाची वाळू सरसाने चिकटवलेली, सरस म्हणजे उकळलेली हाडे आणि कातडी. बटाटा वर्ज्य करणाऱ्या माझ्या घरात हे सारे एका बिस्किटाच्या डब्यात सुखाने नांदत होते! आता सुती चकत्या, नायलॉनचे ब्रश, रबरात खर मिसळलेली चाके आणि पाण्यात चालणारा, कृत्रिम राळेने चिकटवलेला कागद वापरतो. पॉलिशच्या वडीऐवजी लोखंडाच्या ऑक्साइडची तांबडी पूड खनिज तेलात कालवतो. बोटे लाल होतात आणि चमक यायला दीडपट वेळ लागतो. वाचकांपैकी कोणी चांदी-पितळेच्या व्यवसायात असतील, तर त्यांनी आपल्या पुरवठादाराला वडीतील घटक एकदा अवश्य विचारावेत.

जुन्या यंत्राचा प्रश्न तेवढा राहिला. शेजारच्या घरातला दहावीत शिकणारा नातू ते मागायला आला. “आजोबा, मी दुरुस्त करीन, मला द्या,” म्हणाला. मुलगा हुशार आहे. आर्मेचर मिळवून त्याने ते खरोखर चालवलेही असते. एरवी मी आनंदाने दिले असते. पण सैल बेअरिंगचे, बटण दाबले की हात सुटला तरी फिरत राहणारे यंत्र पोराच्या हाती द्यायचे, आणि नंतर प्रतिक्रमणात दिलेल्या यंत्राची आलोचना करायची? मी नाही म्हटले. त्याचा चेहरा पडला. मग आम्ही दोघांनी मिळून ते पाटावर उघडले. गुंडाळी, कार्बन ब्रश, पंखा, बेअरिंग असा एकेक भाग त्याने काढून कागदावर मांडला, त्याची चित्रे काढली आणि शेवटी तांबे भंगारात गेले. रविवारी तो आता कानशी चालवायला येतो. पेडलला अजून त्याचा पाय लागलेला नाही; आधी कानशीने सरळ कड काढून दाखवायची, असे आमचे ठरले आहे.

काम संपले की मी मुठीतले टोक काढून डब्यात ठेवतो आणि प्लग भिंतीतून काढतो. प्लगची जागाही बदलली, आता तो उजव्या हाताशी आहे.

डब्याची बिजागरी पर्युषणानंतर पुरी झाली. सौ.ने झाकण चार वेळा उघडून मिटून पाहिले, “करकरत नाही आता,” एवढे म्हणाली आणि डबा स्वयंपाकघरात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी गॅलरीत गेलो तर हुकाशेजारच्या खिळ्याला सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता टांगलेला होता. त्या महिन्याच्या सूर्यास्ताच्या रकान्याखाली तिने लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि शेजारी लिहिले होते, “याच्या एक तास आधी पाय उचलावा.”