लागो कॉलनीतले बालपण

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर अरुबा हे डच राज्यातले छोटेसे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम १८० चौरस किलोमीटर, पाऊस तुटपुंजा, जमीन खडकाळ, आणि जिकडे पाहावे तिकडे निवडुंग. बेटाला स्वतःचे तेल नाही. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी एक इथे होता. त्याचे कारण शेजारच्या माराकाइबो सरोवरात सापडते. सरोवरात तेल अमाप, पण मुखाशी वाळू साचलेली, त्यामुळे मोठ्या जहाजांना आत शिरता येत नसे. उथळ पाण्यात चालणारे छोटे टँकर कच्चे तेल बाहेर आणत आणि ते उतरवायला जवळ एखादे खोल बंदर लागे. १९२० च्या दशकात लागो कंपनीने त्यासाठी अरुबाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे सान निकोलास निवडले. दशक संपता संपता तिथे कारखानाही सुरू झाला. १९३२ मध्ये तो न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलकडे, म्हणजे पुढच्या एस्सोकडे, गेला.

कारखाना चालवायला अमेरिकी इंजिनिअर आले, त्यांच्यामागोमाग बायकामुले आली, आणि बेटाच्या पूर्व टोकावर, सेरू कोलोराडोच्या उंचवट्याजवळ लागो कॉलनी वसली. तिथे क्रमांक घातलेले बंगले होते, बारावीपर्यंतची अमेरिकी शाळा होती, चर्च होते, किराण्यापासून सगळे मिळणारे कंपनीचे दुकान होते आणि संध्याकाळी सगळ्यांना एकत्र आणणारा एस्सो क्लब होता. जन्म कंपनीच्या दवाखान्यात, शिक्षण कंपनीच्या शाळेत, दिवा कंपनीच्या विजेवर. रेल्वेच्या किंवा साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. फक्त इथे फाटकाबाहेर पाऊल टाकले की दुसऱ्यांचा देश सुरू होत असे.

कॉलनीची जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. अरुबावर बाराही महिने पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. इतके एकसारखे की बेटावरची दिवीदिवीची झाडे पश्चिमेकडे झुकून तशीच वाढतात. कॉलनी कारखान्याच्या पूर्वेला असल्यामुळे चिमण्यांचा धूर तिच्यापासून दूर जाई. इथे वाढलेल्यांच्या आठवणींत वारा सतत असतो, आणि त्यात आश्चर्य नाही: खिडक्यांतून आत शिरणारा, केस विस्कटणारा हा वारा एखाद्या दिवशी पडलाच, तर तेलाचा वास थेट स्वयंपाकघरात पोचत असे.

या आठवणींची एक ठराविक जातकुळी आहे. रॉजर्स बीच आणि बेबी बीच या दोन शांत किनाऱ्यांवर मुले पोहायला शिकली. बेबी बीचचे पाणी इतके उथळ की लहान पोर दूरवर चालत गेले तरी कमरेपर्यंतच भिजे. अनवाणी पायांनी टोकदार प्रवाळखडकांवरून धावणे, सरड्याच्या जातीचे मोठाले इग्वाना पकडणे आणि रात्री कारखान्याच्या ज्वाळेने तांबूस झालेले आकाश पाहत झोपी जाणे हे जवळपास प्रत्येकाच्या सांगण्यात येते. गोल्फचे मैदानही होते, पण गवत उगवेना; म्हणून जिथे चेंडू अलगद ढकलायचा, तिथे तेल शिंपडून घट्ट बसवलेली वाळू असे, आणि खेळ चालू असताना बकऱ्या मध्ये येत. पाण्याच्या टंचाईवर तेलाचा उतारा शोधणारे ते मैदान कॉलनीबद्दल बरेच काही सांगून जाते.

या सुरक्षित जगाला एकदा मोठा तडाखा बसला. १६ फेब्रुवारी १९४२ च्या मध्यरात्रीनंतर यू-१५६ ही जर्मन पाणबुडी सान निकोलासपाशी आली. वेर्नर हार्टेनश्टाइन हा तिचा कप्तान. तिने पेडर्नालेस आणि ओरान्येस्टाड या टँकरांवर पाणतीर सोडले. जळते तेल बंदराच्या पाण्यावर पसरले. मग कारखान्यावर तोफ डागायची होती, पण नळीच्या तोंडाचे झाकण काढायचे राहून गेले आणि पहिला गोळा नळीतच फुटला. कारखाना वाचला तो या हलगर्जीपणामुळे. त्या रात्री घराच्या ओट्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना समुद्र पेटलेला दिसला. त्यानंतर ब्लॅकआउट आला, खिडक्यांना काळे पडदे आले, काही कुटुंबे अमेरिकेला परतली. इथून दोस्त राष्ट्रांच्या विमानांना इंधन जात होते, त्यामुळे आपली कॉलनी नकाशावर कुठे आहे हे मुलांना युद्धाने शिकवले.

कुंपण मात्र युद्धाआधीपासून होते आणि नंतरही राहिले. फाटकावर पहारेकरी होता, आणि आत येणाऱ्याकडे येण्याचे कारण असावे लागे. मोलकरणी आणि माळी सकाळी आत येत. त्यांपैकी बरेच जण ब्रिटिश वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेले होते. अमेरिकी नसलेल्या काही कर्मचाऱ्यांसाठी लागो हाइट्स ही वेगळी वस्ती होती. मजुरांची वस्ती सान निकोलासमध्ये. तिथे इंग्रजी, बेटाची स्वतःची पापियामेंतो आणि डच या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येत, आणि पुढे तिथल्या कार्निव्हलवर त्रिनिदादहून आलेल्या लोकांची छाप पडली. कॉलनीतल्या मुलाला यातले फार थोडे दिसले. बिनकुलपाच्या दारांची आठवण खरीच आहे. पण ती दारे बिनकुलपाची राहू शकली, कारण कुलूप फाटकावर होते. गोड आठवणी सांगताना ही बाजू वगळली जाते, ती लबाडीने नव्हे. त्या वयात ती दाखवायला कुणी नव्हते.

दुसरी अडचण बारावीनंतर यायची. पुढच्या शिक्षणाला मुलांना अमेरिकेत जावे लागे. तो देश म्हणजे त्यांच्यासाठी वडिलांच्या लांब रजेत पाहिलेला मुलूख. वडील निवृत्त झाले की बंगला सोडावा लागे, आणि त्याबरोबर बेटाशी असलेले नातेही सुटे. जन्मगाव असे, पण तिथे घर नसे, जमीन नसे, परत जायला कारण नसे. अमेरिकेत भरणारी लागोच्या जुन्या विद्यार्थ्यांची स्नेहसंमेलने यातूनच सुरू झाली असावीत. गाव उरले नाही, तेव्हा गावकऱ्यांनी एकमेकांनाच गाव मानले.

एस्सोने ३१ मार्च १९८५ रोजी कारखाना बंद केला. कामगारांची संख्या यांत्रिकीकरणामुळे १९५० च्या दशकापासूनच घटत आली होती. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १९८६ रोजी, अरुबाला डच राज्यांतर्गत स्वतंत्र दर्जा मिळाला, तो मुख्य उद्योग हातातून गेलेला असताना. बेट पर्यटनाकडे वळले. कोस्टल आणि नंतर वलेरो या कंपन्यांनी कारखाना काही काळ चालवला. २०१२ मध्ये वलेरोनेही शुद्धीकरण थांबवले. आता बेबी बीचवर पर्यटक पोहतात, आणि कॉलनीतल्या कित्येक बंगल्यांच्या जागी नुसते जोते उरले आहे.

त्या काळाचा लेखी पुरावा शोधायचा तर अरुबा एस्सो न्यूज हे कंपनीचे नियतकालिक आहे. त्याचे जुने अंक बेटाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात वाचायला मिळतात. कंपनीचेच पत्र असल्यामुळे त्यात तक्रारीला जागा नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. पण दीर्घ सेवेबद्दल गौरव झालेल्या कामगारांची नावे आणि छायाचित्रे त्यात पानोपानी आहेत, आणि त्यांत फाटकाबाहेर राहणारेही आहेत.