इशारा कोणाला?

मराठीतील 'धाड' हा शब्द मोठा मार्मिक आहे. दरोडेखोरांची टोळी रात्री अवचित गावावर येऊन पडते ती धाड. आणि धडधाकट माणूस अंग चोरू लागला म्हणजे 'तुला काय धाड भरली आहे?' असे आपण विचारतो, तीही धाडच. पहिली बाहेरून येते, दुसरी आतून भरते. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, मराठवाड्याच्या सीमेनजीक याच नावाचे एक गाव आहे. ते नाव कानी पडले की मला शुभवर्तमानातील एक विलक्षण उपमा आठवते. प्रभू येशूने आपल्या पुनरागमनाला अनेक उपमा दिल्या. त्यांत नवरदेवाची आहे, परदेशाहून परतणाऱ्या धन्याची आहे. पण मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात त्याने चक्क घर फोडणाऱ्या चोराचे उदाहरण घेतले आहे. देवपुत्राने स्वतःच्या येण्याची तुलना चोराच्या येण्याशी करावी, हे प्रथम वाचताना मनाला खटकते. मागून ध्यानात येते, की तेथे सारा भर झोपलेल्या घरधन्यावर आहे.

आपल्या गावगाड्याला ही गोष्ट अपरिचित नाही. पूर्वी वऱ्हाडच्या गावांत जागल्या असे. रात्री गस्त घालावी, परक्या माणसावर नजर ठेवावी, संकट दिसताच हाक द्यावी, हे त्याचे काम. पण हाक दिल्यावर अंथरुणातून उठायचे कोणी? ते काही जागल्याचे काम नव्हे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील तेहेतिसाव्या अध्यायात ही वाटणी एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने केलेली आहे. शत्रू चालून येताना दिसूनही पहारेकऱ्याने कर्णा वाजविला नाही, तर मेलेल्यांचा जाब त्याला द्यावा लागेल. कर्णा वाजला आणि ऐकणारा स्वस्थ राहिला, तर त्याच्या नाशाचा दोष त्याच्याच माथी. कुळाची प्रतिष्ठा, वाडवडिलांची पुण्याई, मंडळीच्या नोंदवहीतील नाव, यांपैकी काहीच तेथे मध्ये येत नाही. ख्रिस्ती उपासनेत कृपेचा महिमा इतका गाइला जातो, की ही दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. हाक आली ही कृपाच. उठणे मात्र ज्याचे त्याला.

तथापि खरी अडचण याहून पुढची आहे. हाक मुळीच ऐकू आली नाही, असे क्वचितच घडते. ती ऐकू येते, परंतु शेजाऱ्याच्या नावाने ऐकू येते. अवर्षण पडले, साथ आली, कोणाचे घर कोसळले, की 'हे कोणाच्या पापाचे फळ?' हा प्रश्न धार्मिक माणसाच्या ओठांवर तयारच असतो. आणि त्याचे उत्तर सहसा 'माझ्या' असे नसते. लूकच्या तेराव्या अध्यायात लोकांनी येशूला अशीच एक वार्ता सांगितली: पिलाताने काही गालीलकरांना ठार केले होते. त्याने तीत आपण होऊन दुसऱ्या दुर्घटनेची भर घातली. शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी होती काय? येशूने याला स्पष्ट नकार दिला, आणि लगोलग समोर उभ्या असलेल्यांनाच पश्चात्ताप करण्यास बजावले. मृतांवरील आरोप त्याने काढून टाकला व जिवंतांवर जबाबदारी ठेवली. दैवी इशाऱ्याचे व्याकरण हे असे आहे: तो तृतीय पुरुषात कधी बोलत नाही.

हे व्याकरण आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी आचरून दाखविले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिण हिंदुस्थानातील दुष्काळात त्यांचे वडील, आई व थोरली बहीण एकापाठोपाठ एक गेली होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तो कोणाच्या पापाचा दंड आहे याची मीमांसा करीत त्या पुण्यास बसून राहिल्या नाहीत. त्यांना स्वतःची भूक आठवली, आणि त्या आठवणीलाच त्यांनी हाक मानले. त्या तिकडे गेल्या व शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर 'मुक्ति' उभी राहिली ती त्यातून. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळून काढले. त्या वर्षीही 'मुक्ति'चे दार बंद झाले नाही.

ही केवळ मागील शतकातील कथा नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारला विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर करावी लागली, त्यांत बुलढाणाही होता. अशा एखाद्या घरावरून जाताना 'देवाची इच्छा' म्हणून निःश्वास टाकणे फार सोपे आहे. शिलोहाचा बुरूज आठवला म्हणजे मात्र तो निःश्वास घशातच अडकतो. गेलेल्याच्या पापपुण्याचा हिशेब माझ्याकडे कोणी मागितलेला नाही. त्याच्या दाराला कर्जाच्या चिंतेने कडी लागली, तेव्हा मी ती कधी वाजविली काय, एवढेच मला विचारले जाणार आहे.

कोणी म्हणेल, भीती दाखवून माणसाला वळविणारा धर्म हलक्या प्रतीचा. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण आक्षेपकाने लूकचा तोच अध्याय थोडा पुढे वाचावा. बुरुजाच्या गोष्टीला लागूनच अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड मळ्याचा धनी तोडू पाहतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो, आणि त्या वर्षात आपण आळे खणू, खत घालू, असे सांगतो. इशारा मिळणे म्हणजे ही मुदत मिळणे होय. त्यात भय आहे खरे. पण त्या वर्षभर कोणीतरी आपल्या मुळाशी राबत असतो, हेही आहे. वर्षअखेर फळ आले की नाही, ते येशूने सांगितलेले नाही. दृष्टान्त तेथेच थांबतो, आणि पुढचे वर्ष ऐकणाऱ्याच्या हाती राहते.